आपली फी कोणी भरली?

स्नेहमेळाव्याचं ठरल्यापासून आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर्वांत जास्त चर्चा कशावर झाली असेल, तर ती जेवणाच्या मेन्यूवर नाही, जमलेल्या निधीवर. शाळेला कमान बांधून द्यावी, असं काहींचं म्हणणं. ई-लर्निंगची खोली करून तिच्या दारावर तुकडीचं नाव कोरावं, असं दुसऱ्यांचं. गरजू मुलांसाठी कायमची शिष्यवृत्ती ठेवावी, असं आम्हा चार-सहा जणांचं. या गदारोळात एका मित्राने एक प्रश्न टाकला आणि ग्रुप दोन दिवस गप्प झाला. त्याने लिहिलं, "मला शाळेत कधीच शिष्यवृत्ती मिळाली नाही. माझ्या वडिलांनी दर महिन्याला फी भरली. मग मी नेमकं कोणाचं देणं लागतो?"

प्रश्न रोखठोक आहे आणि त्याला भावनेच्या भरात उत्तर देऊन चालणार नाही. "शाळेने आपल्याला घडवलं" हे वाक्य प्रत्येक स्मरणिकेत असतं. ते खरंही असतं, पण त्यावर कोणी चेक फाडत नाही. नाव लागावं, आयकरात ८०जीची सूट मिळावी, ही कारणंही माणसाला असतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण तेवढ्यावर कोणी पंचवीस वर्षं देत राहत नाही. म्हणून संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा मी याच प्रश्नाचं उत्तर आपल्या गावाच्या इतिहासात शोधायचं ठरवलं. पुण्याइतकं त्यासाठी सोयीचं गाव दुसरं नाही. इथे शिकायला आलेल्यांची आणि त्यांना शिकवण्यासाठी पदरमोड करणाऱ्यांची परंपरा दोनशे वर्षांची आहे.

सुरुवात सरकारी पैशातून झाली. पेशवे दरवर्षी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्या दक्षिणेतला काही पैसा वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढे तिचंच रूपांतर होत होत डेक्कन कॉलेज उभं राहिलं. १८४९ साली पुण्यातल्या काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेचा पैसा मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसं म्हणून द्यावा. त्यावरून शहरात मोठं वादळ उठलं आणि अर्जदारांच्या पाठीशी महात्मा फुले उभे राहिले. शिक्षणासाठीचा पैसा कोणाला आणि कशासाठी, हा आपल्या ग्रुपवरचा वाद पुण्याला नवा नाही, एवढं यावरून दिसतं.

दुसरी सोय गावकऱ्यांची. परगावचा मुलगा पुण्यात आला की तो वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. नाहीतर माधुकरी मागायचा. आपल्या आजोबांच्या पिढीत असं शिकलेले पुष्कळ होते. ज्या घरात त्याचं पान मांडलं जाई, तिथली बाई रोजच्या भातात एका मुलाची मूठ वाढवत असे. त्याची नोंद कुठल्या वहीत नाही, पावती नाही, फलक नाही. मात्र ही सोय कोणासाठी होती, तेही स्पष्ट सांगायला हवं. वाराचं पान ब्राह्मणाच्या मुलासाठी होतं. इतरांना त्या ओसरीवर जागा नव्हती. त्यांच्यासाठी काय झालं, ते पुढे येईलच.

आता मुख्य गोष्टीकडे येते. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. पुढच्या वर्षी आगरकर येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज. इतिहासाच्या पुस्तकात हे आपण पाठ केलं. पण या संस्था चालल्या कशावर, हे परीक्षेत कोणी विचारलं नाही. त्या चालल्या आजीव सदस्यांवर. पदवीधर तरुणाने वीस वर्षं संस्थेत शिकवायचं, महिना पंच्याहत्तर रुपयांच्या आसपास वेतन घ्यायचं आणि सरकारी नोकरीचा विचार सोडायचा, अशी ती व्यवस्था. त्या काळी पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते आणि सरकारी खात्यात त्यांना याच्या कितीतरी पट पगार आणि बढती मिळत होती. आगरकरांनी शिकत असतानाच आईला कळवून टाकलं होतं, की मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा ठेवू नकोस. ज्या मुलाने एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालून शिक्षण पुरं केलं, त्याने आईला असं कळवणं किती अवघड गेलं असेल.

माझ्या मित्राच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. बाजारात मिळू शकणारा पगार आणि संस्थेत घेतलेला पगार यांत जो फरक होता, तो दर महिन्याला कोण भरत होतं? तो शिक्षक भरत होता. म्हणजे फर्ग्युसनमध्ये पूर्ण फी भरून शिकणारा मुलगासुद्धा खरं तर शिष्यवृत्तीवरच शिकत होता. फक्त ती देणाऱ्याने त्याला तसं सांगितलं नव्हतं.

हे सगळ्यांना पेलणारं नव्हतं. आजीव सदस्यांनी बाहेर काही मिळकत करावी की नाही, यावरून सोसायटीत तीव्र मतभेद झाले आणि त्यातून १८९० साली टिळक बाहेर पडले. त्यागाचा हिशेब मांडायला बसलं की मोठ्या माणसांचंही एकमत होत नाही. पण टिळकांच्या जाण्याने गणिताच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली आणि त्या जागेभोवती जे घडलं, ते आपल्यासारख्या माजी विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावं असं आहे.

तेव्हा संस्थेत गोपाळ कृष्ण गोखले होते. त्यांचे वडील ते तेरा वर्षांचे असतानाच वारले. थोरले भाऊ गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते दर महिन्याला गोपाळला पाठवत. स्वतःच्या संसाराला सात. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शेवटच्या काळात वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १८८४ साली गोखले पदवीधर झाले. त्याच वर्षी त्याच कॉलेजातून धोंडो केशव कर्वे पदवीधर झाले. टिळकांची जागा रिकामी झाल्यावर गोखल्यांना आठवण झाली ती या वर्गमित्राची. त्यांनी पत्र पाठवलं आणि १८९१ साली कर्वे गणित शिकवायला पुण्यात आले. वर्गमित्राला लिहिलेल्या एका पत्राने किती होऊ शकतं, याचं आणखी कुठलं उदाहरण द्यावं?

कर्वे कोकणातल्या मुरूडचे. लहानपणी परीक्षा देण्यासाठी ते शंभराहून जास्त मैल चालत साताऱ्याला गेले आणि वयाने फार लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही, ही गोष्ट आपल्याला शाळेत सांगितली जाई. तिच्या पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मुंबईत शिकवण्या करून पोट भरू लागल्यावर त्यांनी मिळकतीतला ठरावीक हिस्सा बाजूला काढायला सुरुवात केली आणि गावाच्या कामांसाठी गावकऱ्यांच्या साथीने 'मुरूड फंड' उभा केला. श्रीमंत झाल्यावर देऊ, असं ते म्हणाले नाहीत. मिळकत सुरू झाली तेव्हाच देणं सुरू झालं. त्यांच्या मुंबईतल्या घरी नात्यातला एक हुशार मुलगा शिकायला राहिला होता. कर्वे पुण्याला आले, पाठोपाठ तोही फर्ग्युसनमध्ये दाखल झाला. तो मुलगा म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे.

परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले आले. 'सीनियर रँग्लर' होणारे ते पहिले भारतीय. त्यांना मोठ्यात मोठी सरकारी जागा सहज मिळाली असती. पण जाण्याआधीच त्यांनी आजीव सदस्य होण्याचा शब्द दिला होता. तो पाळून ते परत आले आणि १९०२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्याच वर्षी आपली वीस वर्षं पुरी झालेली गणून गोखले निवृत्त झाले. म्हणजे एका शेतकरी-कारकुनी घरातल्या भावाने पाठवलेल्या आठ रुपयांपासून निघालेली ही साखळी वर्गमित्राला बोलावण्यापर्यंत आली, त्या वर्गमित्राच्या घरातल्या मुलापर्यंत पोचली आणि तो मुलगा पुन्हा त्याच वर्गात शिकवायला उभा राहिला.

या साखळीत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. कोणीही ज्याच्याकडून घेतलं, त्यालाच सगळं परत केलेलं नाही. गोविंदरावांचे उपकार गोखल्यांनी जन्मभर मानले, पण त्यांच्या आयुष्याची वीस वर्षं मिळाली ती परक्यांच्या मुलांना. कर्व्यांनी तर पुढे १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, स्वतःची विम्याची पाच हजारांची पॉलिसीसुद्धा त्याला देऊन टाकली आणि १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं. त्यात शिकलेल्या मुलींपैकी एकीनेही कर्व्यांचं काही देणं चुकवलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी ते पुढे दिलं.

आपल्या परंपरेत याला नाव आहे. माणूस तीन ऋणं घेऊन जन्माला येतो, असं म्हणतात: देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण. पैकी ऋषिऋण ऋषींना फेडता येत नाही. ते गेलेले असतात. आपण शिकून ते दुसऱ्याला शिकवलं, की ते फिटतं. ज्याचं देणं त्यालाच परत करायचं, हा सावकारीचा नियम झाला. शिक्षणाचं देणं पुढच्याला द्यायचं असतं.

वाराच्या पानावर ज्यांना जागा नव्हती त्यांची गोष्ट सांगायची राहिली आहे. पुण्यातले वकील गंगारामभाऊ म्हस्के यांनी डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशन उभी केली आणि बहुजन समाजातल्या मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या. जमखंडीहून आलेले विठ्ठल रामजी शिंदे फर्ग्युसनमध्ये शिकले ते या शिष्यवृत्तीच्या आधारावर. पुढे ते ऑक्सफर्डला जाऊन आले आणि १९०६ साली त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. पुण्याच्या नाना पेठेतला अहिल्याश्रम हे त्याच कामाचं फळ. म्हस्क्यांनी मराठा मुलाला हात दिला आणि त्या मुलाने तो त्याहून खाली लोटलेल्या मुलांपर्यंत पोचवला. घेणाऱ्याने देताना वर्तुळ मोठं केलं.

डॉ. आंबेडकरांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि १९१३ साली त्यांच्याच मदतीने कोलंबिया विद्यापीठात गेले. बदल्यात बडोद्याची नोकरी करायची होती. पण बडोद्यात त्यांना राहायला घर मिळेना, कचेरीत अपमान झाला आणि ती नोकरी सुटली. कराराच्या कागदावर पाहिलं तर परतफेड राहून गेली. प्रत्यक्षात काय झालं? बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह काढलं. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभं राहिलं. सयाजीरावांचा एक रुपया किती रुपये होऊन परत आला, याचा हिशेब कुठला लेखापाल मांडू शकेल?

स्वातंत्र्यानंतर हे काम सरकारने बरंच उचललं. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या घरी दर जूनला ई.बी.सी.चा फॉर्म भरला जाई, तहसीलदाराच्या दाखल्यासाठी वडिलांची एक रजा खर्ची पडे. चौथी आणि सातवीच्या स्कॉलरशिपच्या जादा तासांना आपण बसलो. ते तास घेणाऱ्या सरांना आणि बाईंना त्याचे वेगळे पैसे मिळत नसत, हे आपल्याला फार उशिरा कळलं. दहावीला संस्कृतची 'शंकरशेट' कोणाला मिळणार, यावर पैजा लागत. ती शिष्यवृत्ती नाना शंकरशेट यांच्या स्मरणार्थ आहे. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली होती, जे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आणि ज्यांना यातलं काहीच मिळालं नाही, त्यांच्यासाठीही एक गोष्ट होतीच. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देतं. आपण भरलेली महिन्याची फी त्या पगाराच्या हिशेबात नगण्य होती. तो पगार ज्या करातून येई, तो कर शाळेचं तोंड न पाहिलेला हमाल आणि भाजीवालीसुद्धा काडेपेटीपासून कापडापर्यंत प्रत्येक खरेदीत भरत होती.

म्हणून मित्राला माझं उत्तर असं: तुझ्या वडिलांनी फी भरली हे खरं. त्यासाठी त्यांनी काय काय टाळलं असेल, तेही मी समजू शकते. पण त्यांनी भरली ती तुझ्या शिक्षणाची पूर्ण किंमत नव्हती. उरलेली कोणीतरी भरली. तू त्याला ओळखत नाहीस आणि त्याने तुला ओळख दिलीही नाही. तू शिष्यवृत्तीवरच शिकलास. मीही, आपण सगळेच.

आता राहिला प्रश्न, निधीचं करायचं काय. याही बाबतीत आधीच्यांनी वाट घालून दिली आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी निधी ठेवला, तो कर्जाऊ. आधीच्याने परत केलं की पुढच्याला मिळतं. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी १८९० साली वार्षिक निधी सुरू केला. एकाने मोठी रक्कम देण्यापेक्षा पुष्कळांनी दरवर्षी थोडी द्यावी, हा त्यामागचा विचार. आणि लांब कशाला जायचं? आपल्या पुण्यातच डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५च्या सुमारास विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली. खेड्यातून आलेल्या मुलामुलींना वसतिगृह आणि 'कमवा आणि शिका'चा आधार दिला. तिथे राहून शिकलेले आज त्याच समितीला पैसा देतात आणि त्याहून मोलाचं म्हणजे वेळ देतात. कारण पुण्यात पहिल्या रात्री पथारी कुठे पसरायची, ही धास्ती त्यांनी स्वतः घेतलेली असते. कुठल्या वळणावर मुलगा घरी परत जातो, हे त्यांना पाठ असतं.

ते वळण आपल्यालाही माहीत आहे. आपल्या शाळेतून मुलं क्वचित गळतात, गळतात ती दहावीनंतर. अकरावीचा प्रवेश, क्लासची फी, बसचा पास, डिप्लोमाच्या पहिल्या सहामाहीचे पैसे. पाच-दहा हजारांसाठी एखादी मुलगी घरी बसते आणि दोन वर्षांत तिचं लग्न होतं. कमानीखालून ती एकदा बाहेर पडली की शाळेला तिचं काय झालं ते कळतही नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की जमलेली रक्कम बँकेत ठेवावी, दरवर्षी प्रत्येकाने जमेल तेवढी भर घालावी आणि त्यातून शाळेतून दहावी झालेल्या मुलामुलींचं पुढचं एक वर्ष निभवावं. निवड मुख्याध्यापकांनी आणि वर्गशिक्षकांनी करावी, कारण कोणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना कळतं. टक्क्यांची अट फार वर ठेवू नये. पंच्याण्णव टक्क्यांच्या मुलाला मदत करायला पुष्कळ जण पुढे येतात. साठ टक्क्यांची, आईबरोबर चार घरची कामं करून पास झालेली मुलगी कोणाच्या यादीत नसते.

आणि देणाऱ्यांची नावं लावू नयेत. मुलांना एवढंच सांगावं, की हे पैसे या शाळेत शिकलेल्या कोणीतरी दिले आहेत आणि परत करायचे नाहीत, कमावते झालात की पुढे द्यायचे. त्यांनी नाही दिले तरी चालेल. गोविंदरावांनी आठ रुपये पाठवताना पावती मागितली नव्हती.

स्नेहमेळाव्याच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी एक वही ठेवलेली असेल. तीत रक्कम लिहायची आहे, नाव नाही. सर आणि बाई, तुम्हाला मात्र त्या वहीपाशी येऊ देणार नाही. तुमचा हप्ता तुम्ही तेव्हाच भरलेला आहे.